इंग्रजीचा तास आणि शब्दांच्या आठ जाती

‘रामाने आंबा खाल्ला.’ मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही हे वाक्य परके वाटणार नाही. मराठीच्या तासाला त्याचा प्रयोग विचारला तर ‘कर्मणी’ असे उत्तर द्यावे लागते, कारण क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते: आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, बोर खाल्ले. पुढचा तास इंग्रजीचा असतो आणि त्याच वाक्याचे भाषांतर फळ्यावर येते: ‘राम एट अ मँगो’. हे कोणत्या ‘व्हॉइस’मधले वाक्य? ‘ॲक्टिव्ह’. आणि ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’ म्हणजे काय? गाइडात मराठीत छापलेले असते: कर्तरी प्रयोग. वाक्य तेच, आंबा तोच, खाणाराही तोच. पण एका तासाला जे कर्मणी होते ते पुढच्या तासाला कर्तरी झाले. हुशार विद्यार्थी दोन्ही उत्तरे पाठ करतो आणि दोन्हीकडे गुण मिळवतो. ज्याला कारण कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही तो मात्र अडतो, आणि पुढे त्याच्या नावावर ‘व्याकरण कच्चे’ असा शेरा पडतो.

दोष त्या मुलाचा नाही. शिक्षकाचाही फारसा नाही. इंग्रजीतील ‘व्हॉइस’ हे सांगते की, वाक्यात उद्देशाच्या जागी बसलेला क्रिया करणारा आहे की सोसणारा. मराठीतील ‘प्रयोग’ हे सांगतो की, क्रियापद कोणाच्या लिंगवचनपुरुषाप्रमाणे वळते. हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि एका प्रश्नाच्या उत्तराला दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचे नाव देण्यात आले आहे. ‘त्याने मुलाला बोलावले’ हा तर भावे प्रयोग. तिथे क्रियापद ना कर्त्याला जुमानते ना कर्माला, आणि इंग्रजीत त्याच्यासाठी खणच नाही. असे खण कोणी आणि कशावरून पाडले, हा इतिहास गेल्या दोन शतकांचा आहे. तो बहुधा मुंबई-पुण्यापुरताच सांगितला जातो. औंढा नागनाथ किंवा हिंगोलीकडून पाहू लागलो म्हणजे मात्र त्यात आणखी एक धागा दिसतो. इथल्या शाळांत इंग्रजीच्या तासाला बराच काळ मराठी व्याकरणाचा शेजार नव्हताच. शेजार होता उर्दू व्याकरणाचा.

आधी मुंबईकडचा धागा घेऊ. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी विल्यम केरीने १८०५ मध्ये श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण छापले होते, पण ते इंग्रजीत, मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबांसाठी. दादोबांचे व्याकरण मराठी मुलांसाठी मराठीत होते. मुंबईच्या इंग्रजी शाळेत घडलेल्या या बावीस वर्षांच्या तरुणापुढे दोन नमुने होते: एक संस्कृतचा आणि दुसरा इंग्रजीचा. विभक्ती, समास आणि संधी त्यांनी पहिल्याकडून घेतले. पुस्तकाची एकूण मांडणी आणि शब्दांचे वर्गीकरण यांवर छाप आहे ती दुसऱ्याची. पुढे त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हटले गेले. हा गौरव त्यांच्या कर्तृत्वाला साजेसा असला तरी थोडा दिशाभूल करणारा आहे, कारण शब्दांच्या जाती मोजण्याची त्यांची रीत पाणिनीची नव्हे.

पाणिनीच्या लेखी पदे दोनच प्रकारची: सुबन्त आणि तिङन्त, म्हणजे नामाचे प्रत्यय लागलेली आणि धातूचे प्रत्यय लागलेली. यास्काने चार मोजली: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आपण शाळेत ज्या ‘शब्दांच्या आठ जाती’ घोकल्या त्या या परंपरेत कुठेच नाहीत. त्या ग्रीक आणि लॅटिन व्याकरणांतून इंग्रजीत उतरलेल्या ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ आहेत. लिंडले मरे याचे १७९५ साली निघालेले इंग्रजी व्याकरण एकोणिसाव्या शतकात शाळाशाळांतून चालत होते. त्याने शब्दांचे नऊ प्रकार मानले होते. त्यांतून मराठीत नसलेले ‘आर्टिकल’ वगळले की बरोबर आठ उरतात. मग एकेकाला संस्कृत अंगरखा चढला: शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. नावे इतकी अस्सल वाटतात की ती भाषांतरित असल्याचा संशयही येऊ नये. वगळलेल्या ‘आर्टिकल’लाही इंग्रजीच्या तासापुरते ‘उपपद’ हे नाव मिळाले. संस्कृत व्याकरणात उपपद म्हणजे अगदीच वेगळी गोष्ट, पण ती आठवण करून देणारे वर्गात कोणी नसते.

मराठीला त्यापूर्वी स्वतःच्या भाषेकडे व्याकरणाच्या नजरेने पाहताच आले नव्हते, असे मात्र नाही. महानुभाव पंथातील भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हे मराठीतील व्याकरणविषयक पहिले लेखन मानले जाते. चक्रधरांच्या वचनाचा नेमका अर्थ लावणे हा तिथे धर्माचा प्रश्न होता. त्यासाठी वाक्यातील शब्दाचा शब्दाशी संबंध तपासावा लागे. पण ते ज्ञान पोथ्यांत आणि सांकेतिक लिपीत राहिले. शाळेपर्यंत आले ते दादोबांचे.

आता मराठवाड्याकडे वळू. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, म्हणजे इंग्रजी शब्द या मुलखात शाळेच्या आधी पलटणीबरोबर आले. राज्य निजामाचे, दरबारी भाषा आधी फारसी आणि १८८४ नंतर उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू, इंग्रजी सक्तीचा विषय, अशी व्यवस्था झाली. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा प्रयोग शिक्षणाच्या दृष्टीने मोठाच होता. फक्त ती भाषा इथल्या बहुसंख्यांची नव्हती. मराठी मुलगा प्राथमिक शाळेत काही काळ मराठी शिके आणि पुढच्या वर्गांत उर्दूकडे जाई. औंढा तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. तिथल्या मुलाने माध्यमिक शिक्षण घ्यायचे ठरवले तर त्याला इंग्रजी व्याकरण समजावून मिळे ते बहुधा उर्दू संज्ञांतून: ‘नाऊन’ म्हणजे इस्म, ‘व्हर्ब’ म्हणजे फेल, कर्ता म्हणजे फाइल, कर्म म्हणजे मफऊल.

आणि या परंपरेत शब्दांच्या जाती तीनच. अरबी व्याकरण इस्म, फेल आणि हर्फ असे तीन वर्ग करते. बाकी सर्व पोटभेद. म्हणजे ज्या वेळी पुण्याच्या मुलाला शब्दाच्या आठ जाती असतात हे सृष्टीच्या नियमासारखे शिकवले जात होते, त्याच वेळी मराठवाड्यातला मुलगा एका तासाला तीन आणि दुसऱ्या तासाला आठ मोजत होता. घरी कोणी शास्त्री असले तर चार. त्याची दमछाक झाली असणार यात शंका नाही. परंतु एक गोष्ट त्याला न सांगता कळण्याची शक्यता होती: हे खण भाषेत नसतात, ते पाडावे लागतात.

उर्दूपुढेही हा प्रश्न होताच, आणि तो विचारला गेला मराठवाड्यातच. मौलवी अब्दुल हक (१८७०–१९६१) औरंगाबादला शिक्षणखात्यात अधिकारी होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि संस्थेचे कार्यालय औरंगाबादला हलले. १९३८ मध्ये दिल्लीला जाईपर्यंत ते तिथेच होते. त्यांचे ‘कवाइद-ए-उर्दू’ हे व्याकरण १९१४ चे. उर्दू ही मुळात हिंदी कुळातील भाषा, तिच्यात अरबी-फारसी शब्द कितीही असले तरी तिचे व्याकरण अरबीच्या साच्यात बसवणे चूक आहे, ही त्यांची भूमिका. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ निघाले १९११ साली. तीन वर्षांच्या अंतराने एक पुण्याकडचा आणि एक औरंगाबादचा विद्वान आपापल्या भाषेला उसन्या साच्यातून सोडवू पाहत होता. दोघे एकमेकांचे वाचक असल्याचे कोठे दिसत नाही. आपल्या वाङ्मयेतिहासांत तर दोघांची नावे एका पानावर येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हे मला खटकते, कारण अब्दुल हक यांनी १९३३ मध्ये औरंगाबादहूनच मराठीवरील फारसीच्या प्रभावाविषयी एक स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि १९३७ चा त्यांचा विख्यात इंग्रजी-उर्दू कोशही औरंगाबादलाच छापला गेला. मराठी मुलखाच्या मध्यावर इंग्रजी, उर्दू, फारसी आणि मराठी या चारही भाषांचा विचार करणारी मेजे मांडलेली होती.

फारसीचा प्रभाव म्हटला की आपण शब्दांच्या याद्या करतो: जमीन, जिल्हा, कागद, वकील. खरा प्रभाव याहून खोल आहे आणि तो शब्दांना जोडणाऱ्या शब्दांत आहे. बद्दल, बाबत, ऐवजी, खेरीज, शिवाय, मार्फत: आज आपण यांना मराठीची शब्दयोगी अव्यये म्हणून शिकवतो, आणि हे सर्व शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. त्यांचे येणे पाहण्यासारखे आहे. फारसीत ‘ब-मूजिब’ हा जोड नामाच्या आधी येतो. मराठीने तो घेतला आणि नामाच्या मागे नेऊन बसवला: हुकमाबमोजीब. ‘बरहुकूम’ तर आत एक अख्खे नाम घेऊन आलेला शब्द. मराठीने त्याच्याआधी आणखी एक नाम ठेवून ‘आज्ञेबरहुकूम’ केले. ‘शिवाय’चेही तसेच. आपले ‘त्याच्याशिवाय’ फारसीत ‘शिवाय त्याच्या’ अशा क्रमाने येते. परका शब्द स्वीकारायचा पण त्याची जागा आपण ठरवायची, आणि आधीच्या नामाला सामान्यरूप घ्यायला लावायचे, हा मराठीचा बाणा. काही थोड्यांना तेवढी मूळ जागा राहू दिली: दरसाल, बेकायदा, बिनतक्रार. ‘प्रेपोझिशन’ म्हणजे आधी ठेवलेला शब्द. तो काय असतो हे समजावण्यासाठी ‘दरसाल’मधल्या ‘दर’इतके सोपे उदाहरण नाही. पण इंग्रजीच्या पुस्तकात ते नसते, आणि मराठीच्या पुस्तकात ‘दर’ हा उपसर्ग म्हणून दुसऱ्याच धड्यात असतो.

१९४८ च्या १७ सप्टेंबरला निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. माध्यम मराठी झाले, हे न्याय्यच होते आणि त्यासाठी इथल्या लोकांनी किंमत मोजली होती. त्याबरोबर इस्म, फेल, हर्फ ही भाषा मराठी शाळांतून गेली आणि पुण्या-मुंबईत घडलेली आठ जातींची भाषा आली. या संक्रमणात वाढलेल्या पिढीत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) होते. त्यांचे जन्मगाव नांदापूर हे याच हिंगोली परिसरातले, आणि त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. संस्कृत काव्यशास्त्र, उर्दूचा परिसर आणि आधुनिक समीक्षा या तिन्हींत कुरुंदकर जसे सहज वावरतात तसे वावरणे पुढच्या पिढ्यांना फारसे जमलेले नाही. ते केवळ बुद्धीचे काम नव्हते, ज्या वातावरणात कान तयार झाले त्याचेही होते.

मूळ मुद्दा शब्दांच्या परस्परसंबंधांचा. मराठीत हा संबंध शब्दाच्या अंगावर लिहिलेला असतो. ‘वाघाने माणसाला मारले’ या तीन शब्दांचे सहा क्रम होतात आणि सहाही क्रमांत माणूसच मरतो. फरक पडतो तो भर कशावर आहे याचा. इंग्रजीत ‘टायगर’ आणि ‘मॅन’ यांच्या जागा बदलल्या की मरणारा बदलतो. तिथे संबंध जागेत आहे. जिथे जागेने भागत नाही तिथे एक लहानसा शब्द आधी उभा राहतो. विद्यार्थ्याला हे एकदा नीट सांगितले तर इंग्रजीचे अर्धे व्याकरण उलगडते. त्याऐवजी त्याला ‘प्रेपोझिशन’ची यादी आणि समोर मराठी अर्थ असे कोष्टक मिळते: ऑन म्हणजे वर, विथ म्हणजे शी, अबाउट म्हणजे विषयी. मग तो इमानदारीने ‘ॲंग्री ऑन मी’ लिहितो, कारण मराठीत राग माणसावर येतो. ‘मॅरिड विथ’ लिहितो, कारण लग्न कोणाशी तरी होते. ‘डिस्कस अबाउट’ लिहितो, कारण चर्चा कशाविषयी तरी असते. या चुका अज्ञानाच्या नाहीत. त्यांच्यामागे मराठीचे पक्के, बिनचूक ज्ञान आहे. लाल शाईला ते दिसत नाही एवढेच.

‘वर’चाच विचार करा. संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणेचे जे उदाहरण पिढ्यानपिढ्या दिले जाते ते ‘गंगायां घोषः’, म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती. प्रवाहावर वस्ती कशी असेल? म्हणून मुख्य अर्थ बाजूला ठेवून ‘तीरावर’ असा अर्थ घ्यायचा, आणि तो घेताना गंगेचे पावित्र्य आणि गारवा वस्तीपर्यंत पोचतो. साऱ्या लक्षणाविचाराचा हा पाया एका सप्तमी विभक्तीवर उभा आहे. इंग्रजीतही शेक्सपिअरचे गाव ‘स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन’ असते आणि कोणी बुडत नाही. औंढ्याचा मुलगा ‘नांदेड गोदावरीवर आहे’ असे रोज म्हणतो. म्हणजे काव्यभाषा शिकवण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. एका ‘वर’पाशी व्याकरण आणि काव्यशास्त्र एकत्र भेटतात, परंतु वेळापत्रकात एकाचा तास सोमवारी आणि दुसऱ्याचा गुरुवारी.

औंढ्याच्या दोन आख्यायिकाही या संदर्भात आठवतात. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हरकत घेतली तेव्हा ते म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. आणि नामदेवांना देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करायला सांगितले तेव्हा देऊळच फिरले, म्हणून नंदी मागच्या बाजूला राहिला असे सांगतात. पहिली कथा ‘वर’ या शब्दाची मर्यादा दाखवते, दुसरी ‘पुढे’ आणि ‘मागे’ यांची: देऊळ कोणत्या तोंडाने उभे आहे हे ठरल्याशिवाय ‘देवळामागे’ला अर्थ नाही. या कथांचा हेतू अर्थातच भाषाशास्त्र शिकवण्याचा नाही. तरीही स्थळवाचक ‘प्रेपोझिशन’ शिकवायला टेबल, खुर्ची आणि मांजर यांच्यापेक्षा गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असलेले हे देऊळ वाईट नाही.

कवितेकडे येऊ. शब्दांचा नेहमीचा क्रम मोडणे हा कवितेचा जुना हक्क. मराठी कवीला तो जवळजवळ फुकट मिळतो, कारण प्रत्यय संबंध सांभाळतात. म्हणूनच मोरोपंतांसारखा कवी शब्द इतके दूरदूर फेकू शकला की वाचकाला ते गोळा करत बसावे लागते. हे गोळा करणे म्हणजे अन्वय. परशुरामपंत गोडबोल्यांचे ‘नवनीत’ १८५४ मध्ये निघाले आणि जुनी कविता शाळेत आली. तिच्याबरोबर अन्वय लावण्याची संस्कृत पाठशाळेतली रीतही आली. दादोबांनी स्वतः मोरोपंतांच्या ‘केकावली’वर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका १८६५ मध्ये लिहिली. व्याकरणकार आणि कवितेचा टीकाकार ही एकच व्यक्ती असणे तेव्हा स्वाभाविक होते.

इंग्रजी कवितेला हा हक्क विकत घ्यावा लागतो. टॉमस ग्रे याच्या १७५१ च्या विलापिकेत सांजवेळी शेतकरी घरी परततो ती ओळ घ्या. तिचे शब्द किती प्रकारे मांडता येतात हा इंग्रजी मास्तरांचा जुना खेळ आहे, पण कर्ता क्रियापदाच्या कुठे असावा याची शिस्त पुष्कळशी पाळूनच तो खेळावा लागतो. त्याच ओळीत आणखी एक गोष्ट आहे. थकलेला आहे तो शेतकरी, आणि कवीने थकव्याचे विशेषण लावले आहे वाटेला. व्याकरणाच्या दृष्टीने विशेषणाचा संबंध वाटेशी, अर्थाच्या दृष्टीने माणसाशी. इंग्रजीच्या तासाला याला ‘ट्रान्सफर्ड एपिथेट’ हे नाव देऊन पुढे जातात. आपल्याकडची बाई ‘उपाशी रात्र काढली’ म्हणते तेव्हा रात्र उपाशी नसते, रचना तीच. मुलाने ती कवितेत नव्हे, स्वयंपाकघरात ऐकलेली असते. नाव पाठ होते, ओळख पटत नाही, कारण दोन्ही तासांना कोणी ही दोन वाक्ये शेजारी ठेवत नाही.

शेजारी ठेवणारे घर महाराष्ट्रात एक होते. केशवसुत (१८६६–१९०५) आणि व्याकरणकार मोरो केशव दामले (१८६८–१९१३) हे सख्खे भाऊ. एकाने इंग्रजी कविता वाचून मराठीची काव्यरचना बदलली. १८९२ साली ‘सॉनेट’ मराठीत आणले. दुसऱ्याने इंग्रजी आणि संस्कृत ही दोन्ही व्याकरणे पचवून मराठीच्या रचनेचा इतका बारीक हिशेब मांडला की शंभर वर्षांनंतरही तो ओलांडून पुढे जाणाऱ्याला आधी त्याच्याशी वाद घालावा लागतो. केशवसुतांनी आयुष्यभर शाळामास्तरकी केली. इंग्रजीच्या तासाने या घराला काय दिले, याचा विचार करताना आपण फक्त थोरल्या भावाकडे पाहतो. सुनीतात वाक्य ओळीच्या टोकाशी न थांबता पुढच्या ओळीत उतरते. ओवीला आणि अभंगाला असे उतरणे एरवी मानवत नाही. ही नवलाई मूलतः वाक्यरचनेची, म्हणजे धाकट्या भावाच्या प्रांतातली आहे.

अलंकारांच्या बाबतीत मात्र देवाणघेवाण तोट्याची झाली असे माझे मत आहे. उपमा म्हणजे ‘सिमिली’, रूपक म्हणजे ‘मेटाफर’ हे समीकरण साधारण जमते. ‘पर्सॉनिफिकेशन’साठी ‘चेतनगुणोक्ती’ हा शब्द वापरात आला. जुन्या शास्त्रातली समासोक्ती तिच्या जवळची होती, पण ती मागे पडली. अडचण उत्प्रेक्षेची. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ या शब्दांनी येणारी कल्पना ही तुलना नव्हे. ती एक संभावना आहे, मनाने क्षणभर खरे मानलेले. इंग्रजीत ‘ॲज इफ’ने येणारे वाक्य गाइड बेलाशक ‘सिमिली’त टाकते, कारण ओळखण्याची खूण ‘लाइक’ आणि ‘ॲज’ एवढीच शिकवलेली असते. आपला विद्यार्थी मराठीच्या तासाला हा भेद करतो आणि इंग्रजीच्या तासाला तो विसरण्याबद्दल गुण मिळवतो. उर्दूकडे तश्बीह आणि इस्तिआरा यांचे आणखी वेगळे गणित होते. तेही आता इथल्या मराठी शाळेला परके झाले.

पुन्हा ‘व्हॉइस’कडे जाऊ. इंग्रजीच्या तासाला वाक्यांचे ‘पॅसिव्ह’ करायला सांगतात तेव्हा मराठीत ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असे वाक्य तयार होते. आंबा खाल्ल्याचे वर्तमान असे कोणी सांगत नाही. पण वर्तमानपत्रांत ‘निर्णय घेण्यात आला’, ‘आरोपी पकडला गेला’ ही वाक्ये राजरोस येतात, आणि मराठी व्याकरणांनी या रचनेला नावही दिले: नवीन कर्मणी. नवीन कशासाठी, तर जुना कर्मणी होता म्हणून. ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘जाणिजे’ ही ज्ञानदेव-नामदेवांच्या काळच्या मराठीतील रूपे म्हणजे पुराण कर्मणी. क्रिया करणाऱ्याचे नाव न घेता क्रिया सांगण्याची ही सोय मराठीजवळ इंग्रजीच्या शेकडो वर्षे आधी होती. ती बोलण्यातून गेली, कवितेत उरली; इंग्रजीच्या तासाने दुसऱ्या वाटेने तीच परत आणली तेव्हा ती उसनी वाटली. औंढ्याजवळच्या नर्सीला नामदेवांचे जन्मस्थान मानतात. तिथल्या सप्ताहात म्हटल्या जाणाऱ्या जुन्या अभंगांत ही ‘ज’कारी रूपे अजून ऐकू येतात, आणि म्हणणाऱ्याला ती अडत नाहीत.

यांपैकी एक रूप तर रोजच्या बोलण्यात शिल्लक आहे: ‘पाहिजे’. मुळात याचा अर्थ ‘पाहिले जाते’. ‘मला पाणी पाहिजे’ या वाक्यात पाणी प्रथमेत आहे आणि मागणारा चतुर्थीत. ‘आय वॉन्ट वॉटर’मध्ये मागणारा उद्देशाच्या जागी बसतो आणि पाणी कर्म होते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू झाले. औंढ्याचे सहा वर्षांचे मूल आता ही दोन वाक्ये एकाच आठवड्यात शिकते, आणि कोणत्याही व्याकरणाचे नाव कानावर पडण्यापूर्वी दोन्ही बरोबर वापरते. प्रश्नपत्रिकेत ‘पाहिजे’चा प्रयोग विचारला जाईपर्यंत त्याला कसलीच अडचण नसते.